पानं सुटी देतो म्हणे

"पूर्ण पोथी घ्यायलाच पायजे असं नाय ओ सर, पानं सुटी देतो की, फ्रेम करून हॉलमध्ये लावा." मंगळवार पेठेतला जुन्या वस्तूंचा दुकानदार आज इतक्या सहज बोलला की मला काही सुचेचना.

लाल कापडात बांधलेली हाती लिहिलेली पोथी, एका ठिकाणी अक्षर चुकलं म्हणून हरताळ, म्हणजे चूक झाकायचा पिवळा खनिज रंग, लावून त्यावर परत नीट लिहिलेलं. एवढी काळजी घेतलीय हो त्या माणसानं! त्याचं नाव, शक, गाव सगळं शेवटच्या पानावर, आणि तेच पान आधी जाणार कारण त्याला नक्षी आहे.

ज्या घरातली पोथी तिथला एक भाऊ म्हणतो विकली, दुसरा म्हणतो मला विचारलंच नाही. ते त्यांचं भांडण, पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांपेक्षा जुनं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावस्तू धरतात, खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही, असा धंदा करायला लायसन्स लागतं. हे सांगितलं तर दुकानदार गुपचूप कापड बांधायला लागला.

उद्या दोन्ही भावांना भेटतोय, निदान सगळी पानं स्कॅन तरी होऊ देत. तुमच्या देव्हाऱ्यात, माळ्यावर अशी पोथी आहे का? विकायच्या आधी एक मेसेज कराल?