तुम्ही विचारलंत म्हणून: वेरूळ-अजिंठ्याचं तिकीट स्वस्तात कसं मिळेल?

मी छत्रपती संभाजीनगरात राहतो, म्हणजे पुरातत्त्व खात्यात माझी ओळख असणारच, अशी पाहुण्यांची ठाम समजूत आहे. त्यामुळे यायचं ठरलं की फोन येतो, "तिकिटाचं काही होईल का?"

ओळख नाही. आणि होण्यासारखं फारसं काही नाहीही. 2018 साली ठरलेल्या दराप्रमाणे वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही ठिकाणी भारतीय माणसाला 40 रुपये पडतात. ऑनलाइन काढलंत तर 5 रुपये कमी. देवगिरीचा किल्ला आणि बीबी का मकबरा 25 रुपयांत, ऑनलाइन 20. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मोबाइलवर तिकीट काढण्याचा खरा फायदा त्या पाच रुपयांत नाही, सुट्टीच्या दिवशी रांग टळते त्यात आहे.

परदेशातून येणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. परदेशी पाहुण्याला वेरूळ-अजिंठ्याच्या त्याच दारात 600 रुपये मोजावे लागतात. तुमच्या लेकीने-जावयाने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, पण ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असेल, तर त्यांना भारतीयांचाच दर लागतो. माणशी 560 रुपये वाचतात, तेही वेरूळ आणि अजिंठा दोन्हीकडे. फक्त कार्ड खिशात हवं. ते हॉटेलच्या कपाटात ठेवून खिडकीवर मराठीतून भांडण्यात अर्थ नाही.

फुकटाचे दिवसही असतात. 18 एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि 19 नोव्हेंबर, म्हणजे वारसा सप्ताहाचा पहिला दिवस, या दिवशी बहुतेक वर्षी तिकीट माफ असतं. पण एप्रिलच्या उन्हात, फुकट म्हणून लोटलेल्या गर्दीत चाळीस रुपयांसाठी वेरूळचं कैलास लेणं बघणं मला तरी पटत नाही. नोव्हेंबर जमत असेल तर या.

आता न विचारलेलं सांगतो. पैसा तिकिटात जात नाही, गाडीत जातो. अजिंठा आमच्या शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर. लोक इथे मुक्काम करतात, टॅक्सी ठरवतात, शंभर जायचे आणि शंभर यायचे मोजतात. जळगाव स्टेशनपासून अजिंठा साधारण साठ किलोमीटर आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीने जळगावला उतरा, एसटीने फर्दापूरच्या फाट्यावर या, लेणी बघा आणि संध्याकाळी पुढची एसटी धरून आमच्याकडे या. एक मोठी फेरी वाचते. सामान मात्र हलकं ठेवा, कारण फाट्यापासून लेण्यांपर्यंत खासगी गाडी जात नाही, तिथली बस घ्यावी लागते आणि तिचे पैसे वेगळे.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट. आई, मावशी आणि आजोबा बरोबर असतील तर इथली बचत लेण्यांच्या तिकिटापेक्षा कितीतरी मोठी होते. आजोबांचं आधार कार्ड विसरू नका.

वार बघून निघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. बंद दारापर्यंत केलेली टॅक्सी ही सगळ्यात महाग टॅक्सी. शनिवारी अजिंठा, रविवारी वेरूळ असा बेत सोयीचा. वेरूळच्या रस्त्यावरच देवगिरी लागतो आणि लेण्यांजवळच घृष्णेश्वर आहे, तिथे तिकीट नाही. तीन ठिकाणं एका फेरीत होतात.

वाचलेल्या पैशातून गाइड घ्या. यावर पाहुणे हमखास नाराज होतात, "सगळं मोबाइलवर असतं की." असतं. पण राष्ट्रकूटांच्या काळातलं कैलास लेणं कळसाकडून खाली कोरत आणलंय, हे तिथे उभं राहून, छिन्नीच्या खुणा दाखवत कुणी सांगितलं की माणूस अर्धा तास मान वर करून राहतो. न सांगितलं तर हत्तीसमोर फोटो काढून दहा मिनिटांत बाहेर. अजिंठ्यात तर पहिल्याच लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र आहे आणि महाजनकाची जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट, भिंतीवर रंगवलेली आहे. अंधुक उजेडात कुठून कुठे बघायचं हे कळलं नाही तर फक्त डाग दिसतात.

सरकारी परवान्याचं ओळखपत्र बघून घ्या, पैसे आधी बोला. दारात दुसरं एखादं मराठी कुटुंब घुटमळत असेल तर त्यांनाही विचारा, खर्च निम्मा होतो.