दुप्पट वाकलेला चंद्र

चपटा चंद्र मला नवा नाही. आमच्या रावेर पट्ट्यात शेतीला रात्रीची लाईट, त्यामुळे पहाटे मोटर बंद करायला केळीत गेलं की पौर्णिमेच्या आसपास तो मावळताना दिसतोच. रुंदी तेवढीच, उंची मात्र साधारण सहाव्या हिश्श्याने कमी. खालच्या कडेचा प्रकाश हवेत जास्त वाकतो, म्हणून ती कड जास्त वर उचललेली दिसते. गंमत म्हणजे चंद्र क्षितिजाला टेकलेला दिसतो, तेव्हा खरं तर तो अख्खा खाली गेलेला असतो!

पण भाच्याने मोबाईलवर दाखवलेला फोटो अंतराळ स्थानकातला होता. चंद्र पार दाबलेल्या बट्टीसारखा. "मामा, एडिट आहे हा." नाही रे बाबा. आपल्यापर्यंत प्रकाश हवेत शिरून थांबतो. तिथे तो शिरतो, जमिनीला घासून जातो आणि पलीकडून पुन्हा बाहेर पडतो. म्हणजे वाकणं दुप्पट, एक अंशाहून जास्त. चंद्राची स्वतःची रुंदीच अर्धा अंश.

खरी मेख मात्र अंतरात आहे. स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर, तिथून क्षितिज जवळजवळ 2300 किलोमीटर लांब. एवढ्या अंतरावर अर्धा अंश म्हणजे 20 किलोमीटर उंचीची हवा! जमिनीलगत हवा दाट, 20 किलोमीटरवर तिचा दहावा हिस्साही उरत नाही. एकाच चंद्राची खालची कड दाट हवेतून येते, वरची विरळ हवेतून. खालची भरपूर उचलली जाते, वरची जेमतेम हलते. मग तो चेपणारच. रंगही तसाच, खाली तांबूस, वर पांढरा. मध्येच कड करवतीसारखी दातेरी दिसली, तर तिथे थंड-गरम हवेचे थर एकमेकांवर बसलेत असं समजायचं.

भाच्याला हे पटायला वेळ लागला, कारण त्याच्या मते मोबाईलवरचं सगळंच एडिट असतं. त्याला म्हटलं, दुर्बीण घे आणि उन्हाळ्यातल्या पौर्णिमेनंतरच्या पहाटे ये. तेव्हा चंद्र नैऋत्येकडे, मोकळ्या रानावर मावळतो. हिवाळ्यात तो वायव्येला सरकतो आणि पुरता चपटा व्हायच्या आतच सातपुड्याआड जातो.