धुनेचं नाव (आवश्यक)

आधी हे सांगून टाकते, म्हणजे माझ्यासारखं कुणाचं होणार नाही : आयरिश वादकाला धुनेचं नाव विचारलंत आणि तो ‘गॉन ॲनिम’ म्हणाला, तर ते लिहून घेऊ नका.

डब्लिनमध्ये आमच्या घराजवळच्या पबात दर गुरुवारी सेशन, म्हणजे वादकांची बैठक, असतं. तिथे ऐकलेली एक रील डोक्यात अडकली. रील म्हणजे मोबाइलवरची नव्हे, नाचाची जलद चाल. दोन भाग, प्रत्येक दोनदा, आणि श्वास घ्यायलाही न थांबता पुढची रील सुरू. फिडल (म्हणजे व्हायोलिन) वाजवणाऱ्या आजोबांना नाव विचारलं. ते हसून म्हणाले, ‘गॉन ॲनिम’. मी फोनवर टिपून घेतलं.

जुनं रेकॉर्डिंग मिळावं म्हणून एका ग्रंथालयाचा ऑनलाइन अर्ज भरला. धुनेचं नाव, वादक, वर्ष, तबकडीचा क्रमांक, सगळ्यांपुढे तांबडी चांदणी. अहो, हे सगळं ठाऊक असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? ‘माहीत नाही’ लिहिलं की वर्षाचा रकाना आकडा मागायचा आणि पान पुन्हा कोरं व्हायचं. शेवटी 1900 ठोकून दिलं. फोनवरचं रेकॉर्डिंग जोडायला जागाच नव्हती. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं : या नावाच्या पुष्कळ नोंदी आहेत, नेमकी कोणती ते कळवावे. मला तर आनंदच झाला, केवढी लोकप्रिय धून! दुसरा अर्ज केला, पुन्हा तेच उत्तर. फोन केला तर बाई म्हणाल्या, ‘फॉर्ममध्येच लिहा.’ तिसरा अर्ज केला.

ऑफिसात गॉलवेच्या एका सहकाऱ्याला हे रडगाणं ऐकवलं, तर त्याच्या हातातला चहा सांडला. आयरिश भाषेत ‘गॉन’ म्हणजे विना आणि ‘ॲनिम’ म्हणजे नाव. ज्या धुनेचं नाव ठाऊक नाही, ती पुस्तकांत आणि तबकड्यांवर याच शीर्षकाखाली छापतात. म्हणजे दोन महिने मी लेखी विनंती करत होते, की मला ‘निनावी’ नावाची धून हवी आहे. माझं अज्ञान मान्य. पण उत्तर देणाऱ्यांना अर्थ नक्की ठाऊक असणार. एक ओळ लिहायला काय झालं होतं?

मग लहानपणची पेटी कामाला आली. चालीतला मुख्य स्वर सा धरून पहिल्या दोन ओळींचे ठळक स्वर सरगमीत लिहिले, बारीकसारीक मुरक्या गाळल्या. स्वरांवरून शोधायची ही युक्ती माझी एकटीची नाही हे नंतर कळलं : ब्रेंडन ब्रॅनख यांनी हजारो धुनांची सूची सुरुवातीच्या स्वरांना आकडे देऊन केली होती. सा कुठेही धरा, आकडे तेच राहतात.

तो कागद घेऊन फ्रान्सिस ओनीलचं 1907 सालचं 1001 धुनांचं पुस्तक उघडलं. हा गृहस्थ आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातला, शिकागोचा पोलीसप्रमुख झाला आणि तिथल्या आयरिश वादकांकडून धुना गोळा करत राहिला. पुस्तकात जिग (नाचाची आणखी एक चाल) वेगळ्या, रील वेगळ्या, त्यामुळे निम्मं काम वाचतं. दोन संध्याकाळी बोट फिरवलं आणि सापडली : ‘बॉनी केट’!

त्यानंतरचं भराभर झालं. मेरियन स्क्वेअरमधल्या आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्हमध्ये आधीच जायला हवं होतं. स्लायगोचा फिडलवादक मायकेल कोलमन याने न्यूयॉर्कला हीच रील तबकडीवर वाजवली आहे, जोडीला ‘जेनीज चिकन्स’. (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या नकला कधी कमी-जास्त वेगाने उतरवलेल्या असतात. पट्टी जुळली नाही म्हणून धून वेगळी समजू नका. मी एक संध्याकाळ तशीच घालवली.) त्याहून मागे गेलं की चाल चक्क स्कॉटलंडची निघते : अठराव्या शतकातल्या डॅनियल डाउ या संगीतकाराची, एडिनबराजवळच्या फिशररो बंदरातल्या सुंदरीच्या नावाची.

गुरुवारी आजोबांना हे सगळं सांगितलं. ‘असं होय,’ म्हणाले, आणि लगेच पुढची रील धरली. तिचं नाव मी विचारलं नाही.

परवा ग्रंथालयाची मेल आली : पुरेशा माहितीअभावी आपला अर्ज बंद करण्यात येत आहे. विषय : गॉन ॲनिम, 1900.