डिगला दिसतं ते तुमच्या प्रोग्रामला दिसेलच असं नाही

‘डिग मारून बघितलं, आयपी बरोबर येतोय, म्हणजे डीएनएसचा काही प्रॉब्लेम नाही.’ डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा आणि डिग म्हणजे तिला प्रश्न विचारायची कमांड. असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुझा प्रोग्राम नाव शोधायला डिगकडे जातो का? नाही ना, मग डिगवरून प्रोग्रामचं कसं काय ठरवतोस.

डिग हे बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरसोबत येणारं टूल. त्याचं काम सरळ आहे, नेमसर्व्हरला (नावांची उत्तरं देणाऱ्या सर्व्हरला) पॅकेट पाठवायचं आणि जे उत्तर येईल ते उलगडून दाखवायचं, टीटीएल (उत्तर किती वेळ जपून ठेवायचं ते), फ्लॅग्ज, कुठल्या सर्व्हरने किती मिलिसेकंदात दिलं, सगळं. होस्ट्स फाइलकडे, म्हणजे मशीनवरच्याच नाव-आयपीच्या यादीकडे, ते ढुंकूनही बघत नाही, होस्ट कमांडही नाही बघत आणि लिनक्सवरचं एनएसलुकअप पण नाही. याउलट सीमधले बहुतेक प्रोग्राम, पायथॉनचं साधं सॉकेट मॉड्यूलसुद्धा, गेटअ‍ॅड्रइन्फो या सिस्टिम लायब्ररीच्या फंक्शनमधून जातात, आणि नेहमीच्या लिनक्सवर ते आधी एनएसस्विचची कॉन्फिग (नाव कुठेकुठे शोधायचं त्याची यादी) वाचतं आणि तिथे लिहिलेल्या क्रमाने शोधतं, बहुधा आधी होस्ट्स फाइल आणि मग डीएनएस. म्हणजे कोणीतरी कधीतरी टेस्टिंगपुरती म्हणून होस्ट्समध्ये टाकलेली ओळ तशीच राहिली असेल तर डिग नवीन आयपी दाखवत बसणार आणि अ‍ॅप बिचारं जुन्या सर्व्हरचं दार वाजवत बसणार. इथे हवी ती कमांड म्हणजे गेटेंट अहोस्ट्स, कारण ती त्याच गेटअ‍ॅड्रइन्फोच्या रस्त्याने जाते. नुसतं गेटेंट होस्ट्स नको, त्याला आयपीव्ही६ पत्ता सापडला की तेवढाच दाखवून ते मोकळं होतं.

दुसरी भानगड सर्च लिस्टची, म्हणजे नावाला जोडून बघायच्या डोमेनच्या शेपटांची. डिग ती डीफॉल्टने वापरतच नाही, प्लस सर्च द्यावं लागतं, सिस्टिमचा रिझॉल्व्हर (नाव शोधणारा भाग) मात्र वापरतो. कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या सिस्टिममध्ये हे फार जाणवतं, तिथे पॉडला (कंटेनर ज्यात चालतात त्याला) एनडॉट्सची व्हॅल्यू ५ मिळते, म्हणजे नावात पाचपेक्षा कमी डॉट असतील तर आधी सर्च लिस्टमधली शेपटं लावून बघायची आणि सगळीकडून नकार आला की मगच नाव जसंच्या तसं विचारायचं. ‘एपीआय डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’मध्ये डॉट दोनच. नेहमीची तीन शेपटं धरली आणि प्रत्येकाला ए (आयपीव्ही४ पत्ता) आणि क्वाड-ए (आयपीव्ही६ पत्ता) असे दोन प्रश्न धरले तर सहा प्रश्न फुकट जातात, मग सातवा-आठवा कामाचा. नावाच्या शेवटी एक डॉट दिला की हे सगळं टळतं, इतकं सोपं आहे पण करतं कोण!

आणि कनेक्ट व्हायला दर वेळी बरोबर ५ सेकंद लागत असतील तर नेटवर्कवाल्यांशी भांडायच्या आधी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही नेमसर्व्हरची यादी असलेली फाइल उघडा. ग्लिबसी या नेहमीच्या लिनक्सच्या सी लायब्ररीचा डीफॉल्ट टाइमआउट ५ सेकंदांचा आहे, पहिला नेमसर्व्हर मेलेला असला की तेवढं थांबून मग ते दुसऱ्याकडे जातं. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनर इमेजमध्ये हे असं दिसणार नाही, कारण तिथली मसल ही सी लायब्ररी सगळ्या नेमसर्व्हरना एकदमच विचारते आणि जो आधी उत्तर देईल त्याचं घेते. शिवाय मसलमध्ये टीसीपीवर जाऊन मोठं उत्तर आणायची सोय थेट २०२३ मध्ये, १.२.४ ला आली, त्यामुळे जुन्या इमेजमध्ये भरपूर रेकॉर्ड असलेली नावं अर्धवट मिळायची.

लायब्ररींचं तर प्रत्येकीचं वेगळंच चालतं. नोड जेएसमध्ये डीएनएस लुकअप आणि डीएनएस रिझॉल्व्ह ही भावंडं वाटतात पण पहिलं गेटअ‍ॅड्रइन्फो वापरतं, तेही लिबयूव्ही या नोडच्या लायब्ररीच्या थ्रेडपूलमध्ये, जिथे डीफॉल्टला चारच थ्रेड असतात आणि फाइलची कामंही तिथेच रांगेत उभी. दुसरं सी-एरेस या लायब्ररीमधून थेट डीएनएसवर जातं. गोमध्ये स्वतःचा रिझॉल्व्हर आहे आणि सीमधून जाणारा पण आहे, गोडीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नेटडीएनएस सेट करून कुठला ते ठरवता येतं. जाव्हा तर स्वतःचीच कॅश ठेवतं, रेकॉर्डचा टीटीएल काहीही असो.

मला स्वतःला एमएक्स (मेल सर्व्हरचे), टीएक्सटी (मजकुराचे) असले रेकॉर्ड हवे असतील तर पायथॉनमध्ये डीएनएसपायथॉन ही लायब्ररी आवडते, कारण गेटअ‍ॅड्रइन्फोकडे हे मागताच येत नाही. पण नुसतं कनेक्टच व्हायचं असेल तर कृपया सिस्टिमचाच रिझॉल्व्हर वापरा, उगाच शहाणपणा नको, नाहीतर होस्ट्स फाइल, व्हीपीएनची सेटिंग सगळं बाजूला पडतं.

आणि हो, स्क्रिप्टमध्ये डिगच्या एक्झिट कोडवर विसंबू नका. एनएक्सडोमेन, म्हणजे ‘असं नावच नाही’ हे उत्तर, आलं तरी कोड शून्यच असतो, कारण डिगच्या मते सर्व्हरने उत्तर दिलं म्हणजे काम झालं. प्लस शॉर्टचं आउटपुट घेत असाल तर त्यात आयपीच्या आधी सीनेमची (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी) ओळ येऊ शकते, आणि सर्व्हर टाइमआउट झाला तर सेमीकोलनने सुरू होणारा एररचा मेसेजही स्टँडर्ड आउटपुटवरच येतो, तोच आयपी समजून फायरवॉलच्या रूलमध्ये जायच्या आत गाळून घ्या.