पस्तीस की पंचेचाळीस?

सातारा जिल्ह्यात, अपशिंगे मिलिटरीसारखी घरटी सैनिक देणारी गावे जिथे आहेत तिथे, एका बँकेच्या शाखेत मी अनेक वर्षे पेन्शनचे काम पाहिले. २०२२ मध्ये संरक्षण खात्याच्या पेन्शनची खाती बँकेकडून त्या खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीकडे सोपवताना एका निवृत्त हवालदारांच्या जन्मवर्षावर माझी नजर अडली. त्यांच्या पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, कार्बन प्रत इतकी पुसट होती की १९४५ मधला चार तीनसारखा दिसत होता, आणि संगणकात १९३५ नोंदले गेले होते. वयाची ८० वर्षे पूर्ण होताच मूळ पेन्शनवर २० टक्के आणि ८५ ला ३० टक्के वाढ लागू होते. ती त्यांना सत्तरीपासूनच मिळत होती. जादा गेलेली रक्कम साडेतीन लाखांच्या घरात होती. नोंद करणाऱ्याची आद्याक्षरे माझी होती.

वरिष्ठ कार्यालयातून फोन आला: दरमहा कापून वसूल करा. पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांना शाल-श्रीफळ देणारे हेच कार्यालय. पण हा आदेश कागदावर द्यायला कोणीही तयार नव्हते.

व्यवस्थापक मॅडमनी त्या हवालदारांना (गावात सगळे त्यांना मेजरच म्हणतात) बोलावून घेतले. त्यांनी मेणकापडात गुंडाळलेले डिस्चार्ज बुक उलगडले. जन्मवर्ष स्वच्छ १९४५ होते, आणि पुढे १९७१ च्या युद्धातील ‘पूर्वी स्टार’ व ‘संग्राम’ या पदकांची नोंद. सगळे ऐकून ते म्हणाले, “सरकारचा पैसा असंल तर कापून घ्या. पण मी वय खोटं सांगितलं, असं कुठं लिहू नका.”

“काका, चूक बँकेची आहे,” असे म्हणून मॅडमनी त्यांच्यासमोरच पत्र लिहायला घेतले. चुकून जादा दिलेली रक्कम निवृत्तांकडून वसूल करता येत नाही, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह प्रकरणातील २०१४ चा निकाल आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२० मध्ये आयुध निर्माणीच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याला दिलेला दिलासा यांचा हवाला देऊन त्यांनी लिहिले, “पेन्शन यापुढे दुरुस्त होईल, परंतु माझ्या सहीने वसुली होणार नाही.” बढतीची मुलाखत दोन महिन्यांवर असताना असे पत्र पाठवणे म्हणजे चौकशी ओढवून घेणे होते, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

मेजर गेल्यावर मी म्हणालो, “मॅडम, ती नोंद माझी आहे.”

“मी पाहिली आहे. पण शाखा माझी आहे.”

वसुली झाली नाही. मॅडमकडून स्पष्टीकरण मागवले गेले, त्या वर्षी बढती हुकली आणि पुढे त्यांची बदली झाली. नोव्हेंबरमध्ये मेजर हयातीच्या दाखल्यासाठी येतात. शेतीकामाने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्र त्यांचा अंगठा घेत नाही. मग मी कॅमेऱ्यासमोर त्यांचा चेहरा नीट धरायला सांगतो. ते मॅडमची खुशाली विचारतात आणि निघताना हात जोडून माझेही आभार मानतात. ती आद्याक्षरे कोणाची होती, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.