अक्कासाठी शोधलेलं हॉटेल

माझी मोठी बहीण, अक्का, महिन्यातून एका शनिवारी परभणीहून माझ्याकडं छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) येते. सकाळी मराठवाडा एक्स्प्रेसनं उतरायचं, संध्याकाळी त्याच गाडीनं परत जायचं. एरवी ही गाडी हायकोर्टाच्या तारखेला निघालेल्या लोकांनी भरलेली असते. शनिवारी कोर्ट बंद, म्हणून तिला खिडकीची जागा मिळते. मलाही त्या दिवशी ऑफिस नसतं. 2020 मध्ये सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि पुढं कोरोना ओसरला, तेव्हापासून आमचं हे चालू आहे.

पहिल्या दोन-तीन वेळा मी तिला सिडकोत घरीच आणलं. पण घरात पाऊल टाकलं की अक्का पदर खोचून ओट्याशी उभी. "तू बस, मी टाकते भाकरी," म्हणून परात ओढायची. चाळीस वर्षं सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी बाई ती, इथं येऊनही तेच करायची. एकदा गाडीला निघायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं, आमचं बोलणं झालंच नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, पुढच्या खेपेपासून बाहेर जेवायचं. तिला कुणीतरी गरम वाढलं पाहिजे आणि ती बसून जेवली पाहिजे.

वाटलं होतं, एवढ्या मोठ्या शहरात काय अवघड आहे. पण पाच-सहा महिने गेले शोधण्यात.

आधी जालना रोडवरच्या एका एसी हॉटेलात नेलं. मऊ खुर्च्या, काचेचे ग्लास, सगळं छान. अक्कानं कार्ड उघडलं, उजव्या बाजूचे आकडे वाचले आणि मिटून माझ्याकडं सरकवलं. "मला भूक नाही फार. तुझं तू मागव." पनीरचेच वीस प्रकार होते, पण वांग्याची भाजी नव्हती. एसीचा झोत नेमका तिच्या मानेवर. पोरानं "साधं पाणी की बिसलेरी?" असं विचारलं, तेव्हा साधं सांगायला तिला संकोच वाटला. ते मला फार लागलं. दीड रोटी खाऊन ती उठली.

मग एक अनलिमिटेड थाळीवालं पाहिलं. जेवण चांगलं होतं, तक्रार नाही. पण दुपारी एक वाजता तिथं माणसं खुर्चीच्या पाठीला हात लावून नंबराची वाट बघत उभी असतात. अक्का कुणाला ताटकळत ठेवून जेवूच शकत नाही. भराभरा घास घेतले आणि "चल, लोकं थांबायलेत," म्हणत हात धुतले. आणखी एका ठिकाणी आम्हा दोघींना बघताच "फॅमिली वर" असं सांगून जिन्याकडं बोट दाखवलं. अठरा उंच पायऱ्या. तिचे गुडघे तिसऱ्या पायरीलाच बोलायला लागले. खाली चार टेबलं रिकामी होती.

बाहेरून पाहुणे आले की विचारतात, तुमच्याकडचं नान-खलिया कुठं मिळतं. नान आणि मटणाचा रस्सा. जरूर खावं, या शहराची ती ओळख आहे, तुघलकाच्या सैन्याबरोबर आलं असं सांगतात. पण अक्काच्या गळ्यात तुळशीची माळ. तेव्हा आमच्यासाठी तो रस्ता नाहीच.

हळूहळू माझं मलाच कळत गेलं की मी काय बघते आहे. स्टेशनवरून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांत पोचता यावं. निराला बाजार, औरंगपुरा जवळ असावं, कारण तिचं काही ना काही घ्यायचं असतंच. जेवण तळमजल्यावर. बेसिन आणि बाथरूम स्वच्छ, आणि कुणाला न विचारता दिसेल असं. आता मी आधी एकटी जाऊन हे बघून येते. आमच्या वयाच्या बायकांना दिवसभर बाहेर राहायचं तर याच्यावरच सगळं अडतं. कितीजणी प्रवासात पाणीच पीत नाहीत, अक्काही पीत नसे.

आणि भाकरी. इथं अक्काला फसवता येत नाही. परभणीला कृषी विद्यापीठ, 'परभणी मोती' ही ज्वारी तिथलीच. अक्काच्या शेतात वर्षानुवर्षं मालदांडी. ती भाकरीचा तुकडा मोडते आणि सांगते, "सकाळी करून ठेवलेली हाय," किंवा "पिठाची विरी गेली." ज्वारी दळून बरेच दिवस झाले की पिठाचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेनं चिरते. बहुतेक हॉटेलांत भाकऱ्या आधीच करून, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवतात. त्या वाफेनं खालच्या भाकऱ्या ओल्या होतात. म्हणून मी सरळ विचारते, भाकरी आत्ता थापताय का? या प्रश्नाला "हो हो, गरम आहे" असं उत्तर आलं, तर समजायचं की गरम केलेली आहे.

आता जिथं जातो ती जागा उस्मानपुऱ्याच्या आतल्या एका गल्लीत आहे. नाव लिहीत नाही, आठच टेबलं आहेत. पंखे आहेत, एसी नाही. कार्ड नाही, फळ्यावर खडूनं चार-पाच भाज्या लिहिलेल्या, त्यांच्यापुढं भाव. अक्का आता फळा मोठ्यानं वाचते आणि स्वतः सांगते. वांग्याची भाजी शेंगदाण्याचा कूट आणि काळा मसाला घालून, कधी पाटवडी रस्सा, कधी येसराची आमटी. येसर आजकाल घरीसुद्धा कुणी करत नाही. धान्य-डाळी भाजून, मसाला घालून दळायचं, त्याची आमटी. आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगतीत असायची. पहिल्यांदा ती वाटी समोर आली तेव्हा अक्का कितीतरी वेळ नुसती वास घेत होती. मग भाकरी कुस्करली आणि आईचं बोलणं निघालं. आई जाऊन अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांत आम्ही तिच्याबद्दल एवढं कधीच बोललो नव्हतो.

भाकऱ्या करणाऱ्या बाई दाराजवळच चुलीपाशी बसतात, गॅसच आहे पण बैठा. आमच्या टेबलावरून त्यांचा तवा दिसतो. ताटातली भाकरी संपत आली की त्या न विचारता पुढची टाकतात. एकदा एकादशीला आलो, तर मालकांनी शेजारच्या दुकानातून भगर आणि आमटी मागवून दिली आणि आमच्याच टेबलावर बसू दिलं. बिल दोघींचं मिळून चारशेच्या आत येतं. आता ते अक्का देते, आणि मी देऊ देते. तिला ते आवडतं.

आषाढातल्या खेपेला भाकरी चिरलेली आली. अक्कानं तुकडा मोडून बघितला, उठली आणि सरळ तव्यापाशी गेली. मला धास्ती वाटली, आता ही परात ओढते की काय. पण ती बाजूच्या स्टुलावर टेकली. "विरी गेलीय व्हय?" बाई म्हणाल्या, "जुनी ज्वारी हाय ताई, मालकानं पोतं घेऊन ठेवलंय." मग दोघींचं बराच वेळ चाललं. उकळतं पाणी किती घालायचं, थोडं निवल्यावर किती मळायचं. ती भाकरी बाईंनीच केली. अक्कानं टेबलावर येऊन खाल्ली.

परवा तिचा फोन आला. या शनिवारी येते म्हणाली. पिशवीत दोन किलो नवं पीठ आहे, बाईंसाठी. "अन् एकच्या आत पोचू बरं का, दोननंतर त्या तवा उतरवायलेत."