आमची वाटचाल : बाटलीसोबत ती सांभाळायची रीतही

जळगावात वडिलांनी काचसामानाचं दुकान टाकलं तेव्हा आमचं गिऱ्हाईक म्हणजे शाळा आणि दोन-चार कॉलेजं. १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, सायन्स कॉलेजं वाढली. पुढे डेअऱ्या, सरकीच्या तेलगिरण्या, माती परीक्षण केंद्रं यांच्याही ऑर्डरी येऊ लागल्या आणि बीकर-फ्लास्कपेक्षा रसायनांचीच विक्री जास्त झाली.

लेबलवर ‘थंड जागी ठेवा’ एवढंच छापलेलं असतं. खानदेशात मे महिन्यात थंड जागा आणायची कुठून? भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि ईथर, म्हणजे लॅबमधला चटकन पेटणारा द्रव, तर ३४.६ अंशांनाच उकळतं. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बाटलीचं झाकण सैल केलं की वाफ उसळते. ती हवेपेक्षा जड, टेबलावरून पसरत लांबच्या बर्नरपर्यंत पोचते आणि पेट घेते. म्हणून उन्हाळ्यात आम्ही ईथर पाठवत नाही, ऑर्डर कितीही मोठी असो. तीव्र अमोनियाची बाटली आधी गार करून, तोंड बाजूला धरूनच उघडायची, हे प्रत्येक डिलिव्हरीला आमचा माणूस करून दाखवतो.

कपाटाचा विषय मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तालुक्याच्या एका कॉलेजात सगळ्या बाटल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या होत्या. दिसायला नीटनेटकं, पण त्या क्रमाने नायट्रिक ॲसिड आणि नायट्रोबेंझीन शेजारी येतात. दोन्ही फुटून एकत्र आली तर ते स्फोटक मिश्रण होतं. लॅबचे मामा म्हणाले, “काही व्हत नही भाऊ.” पण त्यांनीच सोबत बसून कपाट रिकामं केलं. नायट्रिक वेगळं, ज्वलनशील द्रव वेगळे, कॉस्टिक सोड्यासारखे अल्कली वेगळे, आणि ॲसिडं सगळ्यात खालच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. तेव्हापासून नुसता माल उतरवून आम्ही परतत नाही, कपाट लावून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

सुटं ॲसिड आम्ही विकत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडविक्रीवर निर्बंध घातले. तेव्हापासून रजिस्टर आणि ओळखपत्र काटेकोर झालं. पाण्याच्या बाटलीत ॲसिड मागणारी गिऱ्हाइकं तुटली. तुटू द्यावीत.

डेअरीत दुधात फॅट किती ते तपासताना १० मिली सल्फ्युरिक ॲसिडवर दूध पडतं आणि ब्युटिरोमीटर, म्हणजे फॅट मोजायची काचेची नळी, हाताला चटका बसेल इतकी तापते. पोरं ती नळी उघड्या हाताने हलवतात. फडक्यात गुंडाळून, बूच दाबून धरून हलवा, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. अंगावर थेंब उडालाच तर खायचा सोडा चोळायचा नाही, फक्त भरपूर पाणी.

पण ते पाणी हवं ना! डोळा १५ मिनिटं धुवायचा तर मिनिटाला दीड लिटर धरलं तरी २२-२३ लिटर लागतं. तांब्याने भागत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी तर दुपारी हात भाजेल असं असतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांमध्ये कित्येकदा लॅबला नळच नसतो. अशा ठिकाणी आम्ही आधी खोलीत सावलीला ५० लिटरची टाकी आणि रुंद तोंडाची तोटी बसवतो. ती बसेपर्यंत ॲसिडची पेटी गाडीतून उतरत नाही.